टीएस९ मधला ०.०४७ चा कॅप: ड्राईव्ह कुठे गेला आणि बेस किती आणायचा

पेडल इबानेझचं टीएस९ ट्यूब स्क्रीमर, गिटारच्या आवाजाला डिस्टॉर्शन म्हणजे फाटकी धार देणारं, तेच हिरवं. मालक पुण्यातला कॉलेजचा मुलगा, बँडमध्ये ऱ्हिदम वाजवतो आणि अधूनमधून सोलो पण घेतो. तक्रार अशी: "दादा, पेडल ऑफ असताना आवाज नीट येतो, ऑन केलं तरी तसाच क्लीन येतो फक्त जरा दबका, आणि ड्राईव्हचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ढिम्म फरक पडत नाही." ड्राईव्ह म्हणजे डिस्टॉर्शन किती हवं ते ठरवणारा नॉब. मग पुढे म्हणाला की आतले कॅप, म्हणजे कपॅसिटर, बदललेत.

बदलले कशासाठी तर बेस कमी वाटत होता म्हणून. ही तक्रार ट्यूब स्क्रीमरबद्दल कायमच ऐकू येते आणि ती खोटी नाही, हे पेडल खालच्या तारांचा आवाज बारीक करतंच. त्याने ऑनलाईन एक मॉड किट मागवलं, कपॅसिटरची पुडी आणि सोबत कुठला काढून कुठला लावायचा त्याचा कागद. कागदात चार जागा होत्या: इनपुटचा, मधला कपलिंगचा, ड्राईव्हच्या फांदीतला आणि टोनच्या आधीचा. कुठला कॅप काय काम करतो याबद्दल एक ओळ नाही. माझा खरा राग त्यावर आहे कारण या चारपैकी दोन बदलून कानाला काहीही फरक पडत नाही आणि उरलेल्या दोनांनी पेडलचा स्वभावच बदलतो, आणि हे माहीत नसेल तर माणूस चारही ठिकाणी तेवढंच सोल्डरिंग आयर्न तापवतो, तेवढीच पॅड (पाय सोल्डर होतो ती बोर्डवरची तांब्याची चकती) उखडायची जोखीम घेतो.

आधी बिघाड शोधला. टीएस९ ला बायपास इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे ऑफ असतानाही सिग्नल आतल्या इनपुट बफर आणि आउटपुट बफरमधून (आवाज न वाढवता सिग्नल पुढे देणारे दोन ट्रान्झिस्टर) जातोच. ऑफला आवाज नीट येतोय म्हटल्यावर ते दोन्ही ट्रान्झिस्टर, सप्लाय, जॅक सगळं ठीक. ऑनला पण आवाज येतोय, टोनचा नॉब काम करतोय, लेव्हल काम करतोय. मग फक्त पहिली ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी आयसी) स्टेज उरली, जिथे डिस्टॉर्शन तयार होतं. मीटर लावला: आयसीच्या पिन ८ वर साधारण ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड, आणि पहिल्या अर्ध्याच्या तिन्ही पिना म्हणजे १, २, ३ साधारण साडेचार व्होल्टवर. म्हणजे आयसी जिवंत, बायस (सिग्नल नसतानाचा मधला व्होल्टेज) बरोबर, पण गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, फक्त १. येतंय तेवढंच पुढे जातंय.

हे बहुतेक वेळा एकाच प्रकारे होतं. त्या स्टेजचा गेन ठरतो पिन २ पासून ग्राउंडला जाणाऱ्या एका छोट्या फांदीने, तिच्यात ४.७ के चा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅप एकामागे एक. वर फीडबॅकला ५१ के आणि त्याच्या सिरीजमध्ये ५०० के चा ड्राईव्ह पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर). म्हणजे ड्राईव्ह शून्यावर गेन साधारण १२ पट, पूर्ण उघडला की साधारण ११८ पट. आता ती खालची फांदी तुटली तर भागायला काही उरतच नाही, गेन १ होतो, पॉट कितीही फिरवा त्यातून करंटच जात नाही. उलट तो कॅप शॉर्ट झाला असता तर बायसचे साडेचार व्होल्टसुद्धा गेनने गुणले जाऊन आउटपुट वरच्या टोकाला जाऊन चिकटलं असतं आणि पेडल मुकं झालं असतं किंवा फरफरलं असतं. म्हणून क्लीन आवाज येतोय आणि ड्राईव्ह मेलाय म्हटलं की आधी ही फांदी बघायची, आयसी बदलायला धावायचं नाही.

बोर्ड उलटा केल्यावर दिसलंच. किटमधला कॅप ४०० व्होल्टचा होता. पेडल चालतं ९ व्होल्टवर, तिथे ५० किंवा ६३ व्होल्टचा कॅपसुद्धा भरपूर झाला, आणि व्होल्टेज वाढलं की आकार वाढतो, पायांमधलं अंतर वाढतं. त्याने ते लांब पाय आत वाकवून कसेबसे भोकात घातले होते, कॅप बोर्डच्या वर उंच उभा राहिला, आणि मागचं झाकण स्क्रूने आवळलं तेव्हा त्या कॅपवर दाब येऊन पॅड बोर्डवरून सुटलं. नुसत्या डोळ्याने जोड चकचकीत दिसत होता, सोल्डर छान बसलेलं, पण लाकडी काडीने कॅप हलवला की पॅडसकट सगळं वर-खाली होत होतं. कंटिन्युइटी लावली: रेझिस्टरचा पाय ते कॅपचा पाय, बीप नाही. ट्रॅक पॅडच्या मुळाशीच तुटलेला.

दुरुस्ती साधी. तो मोठा कॅप काढला, सुटलेलं पॅड कापून टाकलं (ते परत चिकटवायचा नाद करू नये, पुढच्या उन्हाळ्यात परत सुटतं), आणि कापलेल्या रेझिस्टरच्या पायाची तार वापरून ४.७ के पासून थेट जोड दिला. इथे लगेच नवा कॅप पक्का नाही लावला, दोन आखूड वायरी काढून फिमेल बर्ग स्ट्रिपचा दोन भोकांचा तुकडा लावला म्हणजे कॅप खुपसून बदलता येतो. वायरी आखूडच ठेवाव्या लागतात, ही जागा संवेदनशील आहे, लांब वायर लावली की हम पकडते.

स्ट्रिपमध्ये त्याच्याच किटमधला ०.२२ खुपसला. ड्राईव्ह परत आला, मुलगा खूष, आणि मिनिटभराने म्हणाला, "पण हे जरा गढूळ वाटतंय ना?"

वाटणारच, आणि का ते बघण्यासारखं आहे. ४.७ के आणि ०.०४७ मिळून एक कॉर्नर तयार होतो, साधारण ७२० हर्ट्झला. त्याच्या वर पूर्ण गेन, त्याच्या खाली गेन उतरत जातो आणि उतरून शेवटी १ वर थांबतो. म्हणजे बेस कापला जात नाही, बेसला फक्त गेन मिळत नाही, तो जवळपास क्लीन पुढे जातो आणि वरच्या डिस्टॉर्शनखाली झाकला जातो. गिटारची सगळ्यात खालची ई तार ८२ हर्ट्झची. ड्राईव्ह पूर्ण उघडा असताना वरच्या सुरांना ११८ पट गेन आहे पण त्या ई ला मूळ ०.०४७ मधून साधारण १३ पटच मिळतो. कॅप ०.१ केला की कॉर्नर ३४० ला येतो आणि ई ला २८ पट. ०.२२ केला की कॉर्नर १५४ ला आणि ई ला तब्बल ५६ पट.

आता क्लिपिंग डायोड, म्हणजे लाटेची टोकं कापून डिस्टॉर्शन करणारे, कुठे आहेत, तर याच स्टेजच्या फीडबॅकमध्ये, एकमेकांना उलटे दोन सिलिकॉन डायोड, साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे गेलं की ते चालू होतात. खालचा सूर ताकदीने आधीच मोठा असतो, त्याला एवढा गेन दिला की तोच डायोड उघडून ठेवतो आणि मग वरचे सूर त्याच्या लाटेवर बसून चिरडले जातात. कॉर्ड वाजवला की वेगवेगळे सूर न येता एक घोंगावणारा गोळा येतो, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) केलं की टक् च्या ऐवजी फूत्. त्याला जे गढूळ वाटलं ते हे. बेस वाढला नाही असं नाही, वाढला, पण डिस्टॉर्शनच्या आत वाढला, आणि तिथे वाढलेला बेस आणि अॅम्पच्या नॉबने नंतर वाढवलेला बेस या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. या सगळ्या प्रकरणात एवढं एक जरी कुणाला पटलं तरी निम्मी पेडलं वाचतील असं मला मनापासून वाटतं.

आणि ७२० चा आकडा कुणी झोपेत टाकलेला नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये टीएस८०८ आलं, १९८२ ला टीएस९, आणि ही पेडलं ज्या ट्यूब अॅम्पसमोर लावली जायची ते आधीच भरपूर बेस देणारे. फेंडरच्या अॅम्पमध्ये तर मिड (मधल्या सुरांचा पट्टा) मुळातच खाली बसलेला असतो, तिथे या पेडलचा मिडचा उंचवटा नेमका खड्डा भरून काढतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना हा जोड माहीत आहे, आणि त्याच्या तारा जाड होत्या, तरी बेस कमी करणारं हेच पेडल. मेटलवाले तर ड्राईव्ह शून्य आणि लेव्हल पूर्ण ठेवून हे हाय गेन अॅम्पच्या पुढे लावतात, का, तर खालचा बेस आवळून यावा म्हणून. म्हणजे ज्या गोष्टीला आपण खोट म्हणतोय तिच्यासाठी लोक हे पेडल विकत घेतात.

मग मुलाची तक्रार चुकीची होती का? नाही, पण त्याने पेडल ऐकलं होतं ते घरी, रात्री, छोट्या १० वॉटच्या सॉलिड स्टेट अॅम्पवर, शेजारी ओरडू नयेत एवढ्या आवाजात. कमी आवाजात आपल्या कानाला बेस मुळातच कमी ऐकू येतो, हा कानाचाच गुण आहे, आणि त्या अॅम्पचा स्पीकर पण साडेसहा इंची. तीन ठिकाणी बेस गेला आणि दोष एकट्या पेडलवर आला. मी त्याला म्हटलं की व्हॅल्यू इथे ठरवायची नाही, प्रॅक्टिसला जाऊन ठरवू.

त्याआधी घरीच एक परीक्षा घेतली. तो पाठ करून बसला आणि वाजवत राहिला, मी कॅप बदलत गेलो. ०.०४७ आणि ०.२२ मधला फरक त्याने प्रत्येक वेळी लगेच ओळखला. मग दोन ०.१ चे लावून बघितले, एक पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून आणलेला साधा हिरवा मायलर, एक चांगल्या कंपनीचा महागडा लाल बॉक्स फिल्म, दोन्ही मीटरवर जवळपास सारखेच मोजलेले. तिथे त्याला काहीच सांगता आलं नाही, मलाही आलं नसतं. कॅपची व्हॅल्यू आणि जागा ऐकू येते. फिल्म तो फिल्म, त्यावर छापलेलं नाव या सर्किटमध्ये ऐकू येत नाही. फक्त सिग्नलच्या वाटेत मोठ्या व्हॅल्यूचा स्वस्त सिरॅमिक डिस्क टाळावा, त्याची व्हॅल्यू व्होल्टेज आणि तापमानानुसार हलते आणि काही तर टकटक केली की माईकसारखे वाजतात. ५१ पिकोफॅरडसारख्या छोट्या व्हॅल्यूला मात्र सिरॅमिक चालतो, तिथे तोच असतो.

प्रॅक्टिस रूममध्ये मजा आली. ड्रम, बेस गिटार, दुसरा गिटारवाला, सगळे एकदम. ०.२२ लावला आणि दोन मिनिटांत बेसवाला वळून बघायला लागला, कारण गिटारच्या खालच्या कॉर्ड आणि त्याची लाईन एकाच जागेसाठी भांडत होत्या, दोघंही ऐकू येईनात. ०.१ घरी सगळ्यात गोड वाटला होता, इथे ड्राईव्ह कमी ठेवला तर चांगला, पण नॉब तीनच्या पुढे नेला की परत सैल. मूळचा ०.०४७ लावला आणि सोलो असा काही मिक्समधून बाहेर आला की दुसरा गिटारवाला म्हणाला, "हेच ठेव की, कशाला बदलतोय." पण ऱ्हिदमला मुलाला अजूनही थोडं अंग हवं होतं, आणि तो जे वाजवतो त्यात ऱ्हिदम जास्त. म्हणून ०.०६८ काढला, कोड ६८३. कॉर्नर साधारण ४९८ हर्ट्झ, म्हणजे मूळपेक्षा जेमतेम अर्धं सप्तक खाली, खालच्या ई ला १३ च्या जागी १९ पट. आकड्यात किरकोळ वाटतं. पण पाम म्यूट आवळलेलाच राहिला, कॉर्ड भरला, आणि बेसवाल्याने वळून बघितलं नाही. तोच पक्का केला, यावेळी ६३ व्होल्टचा छोटा, बोर्डला टेकून बसणारा.

ज्यांना काही न काढता आधी ऐकून बघायचंय त्यांच्यासाठी एक सांगतो. कपॅसिटर पॅरलल लावले की व्हॅल्यूंची बेरीज होते. मूळ ०.०४७ जागेवर ठेवायचा आणि बोर्डच्या सोल्डर बाजूने त्याच दोन पायांवर ०.०२२ चा नुसता टेकवायचा किंवा हलका डाग द्यायचा, झाला ०.०६९. दुसरा ०.०४७ टेकवला की ०.०९४, म्हणजे जवळजवळ ०.१ च. आवडलं नाही तर काढून टाकायचा, मूळ कॅपला हात लागलेला नाही, पॅड फारसं तापलेलं नाही. या मुलाने आधी एवढं केलं असतं तर पॅड सुटलंच नसतं. आणि कोड वाचताना सावध राहायचं: ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रो, १०४ म्हणजे ०.१, २२४ म्हणजे ०.२२, शेवटचा आकडा पिकोफॅरडवर किती शून्यं ते सांगतो. गल्लीत गर्दीच्या वेळी ४७३ मागितला की कधी ४७४ हातात येतो आणि तो दहा पट मोठा असतो.

आता टोनच्या आधीचा. क्लिपिंगनंतर १ के चा रेझिस्टर आणि ०.२२ चा कॅप ग्राउंडला, याचा कॉर्नर साधारण ७२३ हर्ट्झ, आणि हा वरचा आवाज उतरवतो. गंमत बघा, क्लिपिंगच्या आधी ७२० च्या खालचं कमी करायचं आणि क्लिपिंगच्या नंतर ७२३ च्या वरचं कमी करायचं. मिडचा तो प्रसिद्ध उंचवटा या दोन उतारांमुळेच तयार होतो. किटच्या कागदाप्रमाणे मुलाने इथे ०.१ लावला होता, म्हणजे कॉर्नर १.६ किलोहर्ट्झला. बिघाड होता तोपर्यंत काही कळलं नाही कारण डिस्टॉर्शनच नव्हतं, पण ड्राईव्ह परत आल्यावर टोनचा नॉब घड्याळातल्या बाराच्या पुढे नेला की कानात सुई. वर ट्रेबल उघडा, खाली ०.२२ चा गढूळ बेस, आणि मधला उंचवटा पसरून गेलेला: ट्यूब स्क्रीमर म्हणून विकत घेतलेली वस्तू ट्यूब स्क्रीमर राहिलीच नव्हती. इथे परत ०.२२ लावला. मूळचा टँटलम होता, त्याला प्लस-मायनस असतं आणि उलटा लागला तर तो खराब होतो, म्हणून तिथे फिल्म टाकला, दिशेचा प्रश्नच मिटला.

उरलेल्या दोन जागा. इनपुटला ०.०२ आणि त्यापुढे ५१० के, कॉर्नर साधारण १६ हर्ट्झ. मधला कपलिंग १ मायक्रो आणि पुढे १० के, तो पण साधारण १६ हर्ट्झ. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटार ८२ च्या खाली जातच नाही, मग सोळाचा दीड केला काय आणि तीन केला काय. किटमध्ये इथे पाच पट मोठे कॅप दिले होते, त्याने लावले पण होते, जोड चांगले होते म्हणून मी तसेच राहू दिले. पेडल त्याने बिघडत नाही, फक्त पैसे आणि मेहनत फुकट. कुठलीही व्हॅल्यू बदलायच्या आधी कागदावर एक भागाकार करायचा: १५९००० भागिले ओहम भागिले मायक्रोफॅरड, उत्तर हर्ट्झमध्ये. ४७०० आणि ०.०४७ घालून बघा, ७२० येतंय.

फीडबॅकमधल्या ५१ पिकोला हात लावला नाही. ड्राईव्ह पूर्ण असताना तो ५.७ किलोहर्ट्झच्या वरचं गोल करतो, आणि तो मोठा करून १०० केला तर २.९ वर येतो, कुणाकुणाला ती मऊ धार आवडते, पण या मुलाला सोलो पुढे यायला हवा होता, मग कशाला.

जाताना बेसवाल्याने विचारलं की माझ्यासाठी असं एक करून द्याल का. त्याची खालची ई ४१ हर्ट्झला, तिथे ०.०४७ ला अर्थच नाही, ०.४७ लावला तर कॉर्नर ७२ ला येतो. पण मग वर सांगितलेला गोळ्याचा त्रास बेसवर दुप्पट होणार, म्हणून त्याला कॅप बदलण्यापेक्षा क्लीन सिग्नल सोबत मिसळणारा ब्लेंड जास्त उपयोगी पडेल. तो बसवायला आणखी एक ऑपॅम्प आणि एक पॉट लागतो, झाकणात भोक पाडावं लागतं. त्याला सांगितलंय की आधी एखादं जुनं पेडल बघ, नव्यावर नको.